फ्लेक्सवरचा बैल कापून चिकटवलेला का दिसतो? गिंपमध्ये सिलेक्शन सुधारण्याची पद्धत

पोळ्याच्या आठवड्यात तालुक्याच्या फ्लेक्सच्या दुकानात बैलजोड्यांचे फोटो एकामागून एक येतात. कुणाचा गोठ्यासमोरचा, कुणाचा धुऱ्यावरचा, कुणाचा मारुतीच्या पारापाशी काढलेला. बैल तेवढे कापायचे, मागे मंदिर नाहीतर हिरवं वावर टाकायचं, वर शुभेच्छा लिहायच्या. घाईत केलेलं काम रस्त्यावरूनच ओळखू येतं. शिंगांभोवती पांढरी कड, शेपटीचा गोंडा कात्रीनं छाटल्यासारखा, झुलीच्या झालरीत जुन्या भिंतीचा चुना अडकलेला. लग्नाच्या बॅनरवर नवरीच्या केसांचं आणि मुंडावळ्यांचं हेच होतं.

इथली पद्धत गिंप या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी आहे. ते विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. २०१८ पासूनचं २.१० असो की मार्च २०२५ मध्ये आलेलं ३.०, खालच्या पायऱ्या दोन्हीत लागू पडतात. फोटोशॉप वापरत असाल तर बटणांची नावं थोडी बदलतील, काम तेच.

फोटो मागवतानाच अर्धं काम

फोटो व्हॉट्सअॅपवरून आला असेल तर "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं आधी सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि पुन्हा एकदा दाबला जातो. नुसते पिक्सेल कमी झाले असते तर एकवेळ चाललं असतं. खरी नासाडी कडांची होते. जेपीजी फाइल चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून माहिती साठवते, आणि बहुतेक वेळा उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवून रंगाची माहिती आडवी-उभी निम्मी करते. त्यामुळे काळ्या शिंगाची कड उजेडाच्या हिशेबानं स्पष्ट असली तरी आकाशाचा निळा रंग दोन-चार पिक्सेल आत घुसलेला असतो. रंगावर चालणारं टूल अशा ठिकाणी अडखळतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

फोटो अजून काढायचा असेल तर मोबाइलचा पोर्ट्रेट मोड बंद ठेवायला सांगा. त्यात मोबाइल स्वतःच कड शोधून मागचं पुसट करतो, आणि त्याच्या चुका, म्हणजे धूसर झालेलं कानाचं टोक किंवा अर्धा गेलेला कासरा, फोटोत बऱ्याचदा कायमच्या बसतात. माणूस भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे उभा करा, म्हणजे भिंतीवर त्याची सावली चिकटत नाही. पांढरी टोपी, पांढरं धोतर असलेल्या आजोबांना चुन्याच्या भिंतीसमोर उभं करू नका; गोठ्याचा अंधारा दरवाजा किंवा तुरीची हिरवी रांग मागे असू द्या. भर दुपारचं ऊन टाळा. त्यात पांढऱ्या बैलाची पाठ इतकी फटफटीत येते की आकाश कुठे संपलं आणि पाठ कुठे सुरू झाली हे फोटोतच नसतं. जे फोटोत नाही ते कोणतंही टूल शोधून देत नाही.

कापायचं काम नेहमी मूळ फोटोवर करा, फ्लेक्सच्या फाइलमध्ये नाही. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोचा एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, साध्या ८ बिटमध्ये सुमारे ४८ एमबी मेमरी घेतो. १० बाय ५ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला (इंचाला ७२ पिक्सेल) ८६४० बाय ४३२० पिक्सेल होतो, म्हणजे एकेक लेयर त्याच्या तिप्पट. ४ जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर चार-पाच लेयर झाले की माऊस अडकायला लागतो.

मुंग्या खोटं बोलतात

सिलेक्शन, म्हणजे कापायच्या भागाची निवड, केलं की कडेनं हलणारी तुटक रेघ दिसते. तिला सगळे मुंग्या म्हणतात. नवीन माणूस ती रेघ पाहून ठरवतो की इतकं आत, इतकं बाहेर. प्रत्यक्षात गिंप प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ असा आकडा देतो. ० म्हणजे अजिबात निवडलेला नाही, २५५ म्हणजे पूर्ण, मधले आकडे म्हणजे अर्धवट. मुंग्या फक्त निम्म्याच्या सीमेवर चालतात. ४० टक्के निवडलेला केसांचा पुंजका रेघेच्या बाहेर दिसतो तरी तो कापताना येतो, आणि ६० टक्के निवडलेली भिंत रेघेच्या आत गपचूप बसते.

म्हणून शिफ्ट आणि क्यू दाबायची सवय लावा. याला क्विक मास्क म्हणतात. न निवडलेला भाग लाल काचेखाली गेल्यासारखा दिसतो, अर्धवट भाग फिकट लाल. आता ब्रश घ्या: पांढऱ्या रंगानं रंगवलं की निवड वाढते, काळ्यानं कमी होते, करड्यानं अर्धवट होते. पुन्हा शिफ्ट-क्यू केलं की मुंग्या परत. बैलाची झूल किंवा नवऱ्याचा फेटाच लाल असेल तर खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या क्विक मास्कच्या बटणावर राइट क्लिक करून रंग हिरवा घ्या, नाहीतर काहीच कळणार नाही.

सिलेक्शन सुधारणं म्हणजे हा करडा नकाशा सुधारणं. टूल फक्त पहिला कच्चा नकाशा काढून देतं.

एका बैलाला चार टूल

एकाच टूलनं पूर्ण बैल कापायचा हट्ट ही नवशिक्यांची सगळ्यात महागडी सवय. पाठीची कड गुळगुळीत, शिंगाची चकचकीत आणि टणक, गोंड्याची केसाळ, झालरीची दातेरी. प्रत्येक कडेला वेगळं टूल लागतं आणि ते जोडता येतं: शिफ्ट दाबून निवडलं की आधीच्या सिलेक्शनमध्ये भर पडते, कंट्रोल दाबून निवडलं की वजा होतं. बटण माऊस दाबण्याआधी धरायचं. माऊस दाबल्यावर त्याच बटणांचा अर्थ काही टूलमध्ये बदलतो.

*पाठ, पोट, पाय, शिंगं:* पाथ टूल, बी दाबा. क्लिक करून बिंदू टाका; वळण असेल तिथे क्लिक धरून ओढा, म्हणजे दोन दांड्या निघतात आणि रेघ वळते. बिंदू वळण जिथे दिशा बदलतं तिथेच टाका. वशिंडाला तीन-चार बिंदू पुरतात. पंधरा टाकले की कड खडबडीत होते. दांडी साधारण पुढच्या बिंदूपर्यंतच्या अंतराच्या एक तृतीयांश ठेवली की वळण नैसर्गिक येतं. शेवटी कंट्रोल धरून पहिल्या बिंदूवर क्लिक करा, पाथ बंद होतो. मग एंटर दाबलं की त्याचं सिलेक्शन होतं. रेघ कडेच्या अगदी वर नको, एक पिक्सेल आतून घ्या. वेळ लागतो, पण पाथ फाइलमध्ये जपला जातो आणि कधीही दुरुस्त करता येतो. चांगल्या कामाचा ऐंशी टक्के भाग इथेच होतो असं आमचं मत, कंटाळवाणा असला तरी.

*सरळ कडा, बंडी, पाटी, खांब:* फ्री सिलेक्ट, एफ. ओढण्याऐवजी क्लिक-क्लिक करत जा. चुकलं तर बॅकस्पेसनं शेवटचा बिंदू जातो.

*एकरंगी आकाश किंवा स्टुडिओचा पडदा:* फझी सिलेक्ट, यू. इथे वस्तू निवडायची नाही, मागचं निवडायचं आणि कंट्रोल-आय करून उलटायचं. थ्रेशोल्ड, म्हणजे क्लिक केलेल्या रंगापेक्षा किती वेगळा रंग चालेल याची मर्यादा, सुरुवातीला १५ असतो. आकड्यांशी झटापट करू नका. आकाशावर क्लिक धरून माऊस खाली किंवा उजवीकडे ओढा, थ्रेशोल्ड वाढत जातो, वर किंवा डावीकडे ओढला की कमी होतो. निवड बैलाच्या अंगात शिरायच्या आत थांबा आणि उरलेले कोपरे शिफ्ट धरून वेगळ्या क्लिकनं घ्या. टूलच्या पर्यायांत "सिलेक्ट बाय" असतं. ते कंपोझिटवर असताना निवड दाणेदार येत असेल तर एलसीएच लाइटनेस, म्हणजे फक्त उजेड बघणारा पर्याय, करून पाहा. जेपीजीत उजेडाची माहिती पूर्ण असते, रंगाची निम्मी, हे वर आलंच आहे. म्हणून दाबलेल्या फोटोत हा पर्याय जास्त स्वच्छ कड देतो. फांद्यांच्या फटीतून दिसणारं आकाश फझीला सापडत नाही, कारण ते सलग जोडलेलं भागच घेतं. तिथे सिलेक्ट बाय कलर, शिफ्ट-ओ. पण मग बैलाच्या डोळ्यातला निळा चमकाराही निवडला जातो, तो क्विक मास्कमध्ये काळा करा. अंगात बारीक भोकं राहिली असतील तर सिलेक्ट मेनूतलं रिमूव्ह होल्स एका दमात बुजवतं.

सिझर्स टूल आपोआप कड पकडतं असं सांगितलं जातं. कड ठळक असेल तरच. गव्हाळ बैल आणि वाळलेलं तणस यांच्यात ते भरकटतं आणि दुरुस्तीला पाथपेक्षा जास्त वेळ खातं.

प्रत्येक तुकडा झाला की सिलेक्ट मेनूतून सेव्ह टू चॅनल करा, म्हणजे ती निवड करड्या चित्रासारखी जपली जाते, आणि चॅनलला नाव द्या: अंग, शिंग, गोंडा. शेवटी चॅनलच्या पॅनेलमध्ये राइट क्लिक करून अॅड टू सिलेक्शन केलं की सगळे एकत्र. मधेच लाइट गेली तर काय, हा प्रश्न आपल्याकडे विचारावाच लागतो. गिंप दर पाच मिनिटांनी स्वतःहून काही साठवत नाही. प्रत्येक चॅनलनंतर कंट्रोल-एस, फाइल एक्ससीएफ, म्हणजे गिंपची स्वतःची.

गोंडा आणि केस

दोन रस्ते आहेत. पहिला फोरग्राउंड सिलेक्ट. गोंड्याभोवती ढोबळ रेघ ओढून वर्तुळ बंद करा आणि एंटर दाबा. बाहेरचा भाग गडद निळा, आतला फिकट निळा होतो. आता ड्रॉ फोरग्राउंड निवडून गोंड्याच्या घट्ट भागावर ब्रश फिरवा, कडेच्या सुट्या केसांना हात लावू नका. ती पट्टी "अननोन" राहिली पाहिजे, कारण हिशेब तिथेच करायचा असतो. चुकून अंगात किंवा भिंतीत गेलेलं ड्रॉ बॅकग्राउंडनं दुरुस्त करा. मग प्रीव्ह्यू. कॉम्प्युटर जुना असेल तर इंजिन मॅटिंग ग्लोबल ठेवा. मॅटिंग लेव्हिन काही ठिकाणी बारीक काम करतं पण वेळ बराच घेतं. नवशिके सगळा गोंडा टोकापर्यंत रंगवतात आणि मग केसांमध्ये भिंत का आली म्हणून विचारतात. टोकं रंगवली की ती पूर्ण निवडली गेली, हिशेबाला उरलंच काय?

दुसरा रस्ता जुना आणि खात्रीचा. कलर्स मेनूत कंपोनंट्स, त्यात डिकंपोज, आरजीबी. लाल, हिरवा, निळा असे तीन करडे लेयर असलेली नवीन फाइल उघडते. ज्यात केस आणि मागचं यांच्यात सगळ्यात जास्त फरक तो लेयर घ्या. निळ्या आकाशासमोर काळे केस असतील तर निळा लेयर: आकाश उजळ, केस काळे. निळ्या आकाशासमोर पांढरा बैल असेल तर लाल लेयर, कारण निळ्या आकाशात लाल कमी असतो, ते गडद होतं आणि बैल पांढराच राहतो. पावसाळ्याच्या पांढुरक्या आभाळात तिन्ही लेयर सारखेच दिसतात; तिथे हा उपाय सोडून द्या.

निवडलेल्या लेयरवर कलर्स, लेव्हल्स उघडा. काळा त्रिकोण उजवीकडे आणि पांढरा डावीकडे सरकवा, समजा ६० आणि २००, जोवर घट्ट भाग पूर्ण काळा आणि आकाश पूर्ण पांढरं होत नाही. कडेच्या केसांमध्ये करडं उरलंच पाहिजे. तेही गेलं तर केस तारांसारखे दिसतात. वस्तू काळी आली असेल तर कलर्स, इन्व्हर्ट. आत राहिलेले ठिपके ब्रशनं पांढरे करा. मग पूर्ण लेयर कॉपी करून मूळ फोटोच्या लेयर मास्कमध्ये (तो कसा जोडायचा ते पुढच्या भागात आहे) पेस्ट करा आणि कंट्रोल-एच दाबून तिथे बसवा.

खोडायचं नाही, झाकायचं

सिलेक्शन तयार झालं की डिलीट दाबायचा मोह होतो. त्यात तीन अडचणी. लेयरला अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकतेची माहिती, नसेल तर पारदर्शक होण्याऐवजी पांढरा किंवा जो बॅकग्राउंड रंग असेल तो भरला जातो. दोनदा दाबलं गेलं तर अर्धवट पिक्सेल पाव होतात आणि मऊ कड कडक होते. आणि उद्या गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, कासरा ठेवाले पाहिजे होता," तर कासरा परत आणता येत नाही.

लेयर मेनूत मास्क, अॅड लेयर मास्क, त्यात "सिलेक्शन" निवडा. मास्कमध्ये पांढरं तेवढं दिसतं, काळं झाकलं जातं. लेयरच्या पॅनेलमध्ये फोटोचं आणि मास्कचं अशी दोन छोटी चित्रं शेजारी दिसतात. ज्यावर शेवटचं क्लिक केलं तेच चालू. फोटोवर काळा ब्रश फिरला की बैलाच्या अंगावर काळा डाग, हे सगळ्यांचं कधी ना कधी होतं. कंट्रोल-झेड.

कड बसवणं

पाथनं केलेली कड फार धारदार असते, फझीची पायऱ्यापायऱ्यांची. दोन्हीचा इलाज मास्कवरच. मास्क चालू असल्याची खात्री करा. फिल्टर्स, ब्लर, गॉशियन ब्लर, आकडा १.५. पायऱ्या विरघळतात पण कड धूसर होते. आता मास्कवरच लेव्हल्स: काळा ६०, पांढरा १९५. धूसरपणा आवळला जातो, पायऱ्या मात्र परत येत नाहीत. अजून जुनं बॅकग्राउंड डोकावत असेल तर मधला गॅमा १ वरून ०.७ करा. कड एका पिक्सेलच्या आतल्या मापानं आत सरकते. सिलेक्ट मेनूतलं श्रिंक निवड एक-एक पूर्ण पिक्सेलनंच आत सरकवतं, म्हणून बारीक कामाला ही युक्ती बरी.

श्रिंक वापरायचंच असेल तर १, फार तर २ पिक्सेल. कमरेपर्यंतचा फोटो फ्रेमच्या खालच्या कडेला टेकलेला असेल तर "सिलेक्टेड एरियाज कंटिन्यू आउटसाइड द इमेज" वर खूण करा, नाहीतर खालूनही एक पट्टी जाते आणि फ्लेक्सवर माणूस तरंगतो. फेदरचा, म्हणजे निवडीची कड मऊ करण्याचा, आकडा फोटोच्या मापावर ठरतो. ४००० पिक्सेलच्या फोटोत २ पिक्सेल काही नाही, ४१३ बाय ५३१ च्या पासपोर्ट फोटोत (३५ बाय ४५ मिलिमीटर, ३०० डीपीआय) तेच २ पिक्सेल गालाची कड पुसट करतात. ५ आणि १० चे फेदर कुठेच वापरू नका. ढगाळ कडा कापलेपणा लपवत नाहीत, दुरूनच दाखवतात.

एक गोष्ट डोळ्यांनी ठरवायची: फोटोत नाकाची कड किती मऊ आहे आणि शेपटीची किती? जिथे फोकस नाही तिथे मास्कही तितकाच मऊ हवा. ब्लर टूलनं मास्कवर तेवढ्याच भागात हात फिरवा.

रंगाची कड

मास्क बरोबर आहे, तरी केसांभोवती पिवळं दिसतं? मग दोष मास्कचा नाही. कडेच्या पिक्सेलमध्ये केस आणि मागचा मांडव दोघांचा रंग मिसळलेलाच असतो, आणि पिवळ्या-लाल कापडावरून परतलेला उजेड गालावर आणि खांद्यावरही पडलेला असतो. मास्क कितीही आवळला तरी तो जात नाही.

केसांसाठी: लेयरची प्रत काढून ठेवा, मग मास्क नाही तर फोटो चालू करा. क्लोन टूल घ्या, मोड डार्कन ओन्ली. कंट्रोल धरून आतल्या काळ्या केसांवर क्लिक करा आणि कडेवर बाहेरच्या बाजूपर्यंत रंगवा. मास्क आकार सांभाळतो, रंग तेवढा केसांचा होतो. पांढऱ्या बैलाच्या काळसर कडेला हेच उलट, लाइटन ओन्ली.

गालासाठी: मास्क टू सिलेक्शन, मग सिलेक्ट मेनूतलं बॉर्डर ८ पिक्सेल, फेदर ४. फोटो चालू ठेवून ह्यू-सॅच्युरेशनमध्ये फक्त यलो निवडा आणि सॅच्युरेशन उणे ३० ते ४०. फक्त कडेची पट्टी बदलते, हळदीचा पिवळेपणा शाबूत राहतो. त्याला हात लावला तर नवरीकडचे लोक फ्लेक्स परत आणतील.

जाळीदार ओढणी मास्कमध्ये ५० ते ६० टक्के करड्यानं रंगवतात. तिच्यातून जुनं बॅकग्राउंड थोडं दिसतंच; म्हणून नवीन बॅकग्राउंड जुन्याच्या जवळच्या रंगाचं निवडा. मुंडावळ्यांचे मणी चेहऱ्यावर असतात तोवर चिंता नाही, गालाबाहेर लटकणारी सर मात्र पाथनं वेगळी कापा.

मोबाइलमधलं एका बोटात कापून देणारं अॅप वापरू नये असं नाही. कच्चा मास्क म्हणून चांगलं. बरेचदा ते चित्र लहान करून देतं आणि शिंगाचं टोक, घुंगुरमाळ, कासरा गिळतं. त्याचा मास्क मूळ मापाला मोठा करून आणा आणि वरच्या पद्धतीनं दुरुस्त करा.

तपासणी, सावली, फाइल

कापलेल्या लेयरखाली एक लेयर टाकून तो आधी काळा, मग पांढरा, मग भडक हिरवा भरा. पांढरी कड काळ्यावर दिसते, काळी कड पांढऱ्यावर, अर्धवट राहिलेले डाग हिरव्यावर. झूम १०० टक्के ठेवा. ४०० टक्क्यांवर प्रत्येक कड वाईटच दिसते आणि तासभर वाया जातो. दहा फुटी फ्लेक्सला लोक पंधरा फुटांवरून बघतात, एकेका केसावर वेळ घालवू नका. १२ बाय ३६ इंचांच्या लग्नाच्या अल्बमला मात्र घाला.

खुरांखाली सावली नसेल तर वरचं सगळं काम वाया. बैलाच्या लेयरखाली दोन लेयर करा. एकात खुरांच्या अगदी लगत काळ्या मऊ ब्रशनं छोटे ठिपके, ओपॅसिटी ६० ते ७०. दुसऱ्यात पोटाखाली पसरट डाग, गॉशियन ब्लर ४० च्या आसपास, ओपॅसिटी २५ ते ३०. बैलावर ऊन कोणत्या बाजूनं आहे ते बघा आणि सावली उलट्या बाजूला सरकवा. मागच्या मंदिरावर ऊन डावीकडून आणि बैलावर उजवीकडून असेल तर बैलाचा लेयर आडवा फ्लिप करा; पण झुलीवर नाव लिहिलेलं असेल तर ते उलटं होईल, तेव्हा मंदिर फ्लिप करा.

एक्ससीएफ फाइल ठेवून द्या. कापलेला बैल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचा असेल तर पीएनजी एक्सपोर्ट करा, कारण जेपीजीत पारदर्शकता नसते, मागे पांढरा किंवा दुसरा कोणता रंग भरला जातो. पूर्ण फ्लेक्सची फाइल छापायला देताना कोणत्या प्रकारात आणि किती डीपीआयला हवी ते प्रेसवाल्याला आधीच फोन करून विचारा. पोळ्याच्या आदल्या रात्री तो फोन उचलत नाही.